घरीच शाळा, पाच मुलं आणि सतत तुटणारा वेळ

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला नीट कळलंय ना ते बघायला आधी थोडक्यात परत मांडते. मुलं पाच, मोठी मुलगी १२ची, मग १०चा, मग ७चा, ४ वर्षांची चिमुरडी आणि ९ महिन्यांचं बाळ, शिवाय सासूबाई, म्हणजे घरात आठ माणसं. चौघांचा अभ्यासक्रम वेगवेगळा. तुम्ही पहाटे ५ला उठता आणि रात्री १२ला उद्याचे धडे काढत बसता. ७ वर्षांच्याला अजून वाचता येत नाही, मोठी तोंड फुगवून बसते, कपड्यांचा ढीग कधी खाली येत नाही, दिवसातून चारदा आवाज चढतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडता. नवरा म्हणतो "झेपत नसेल तर घाल शाळेत". आणि एवढं सगळं लिहून तुम्ही विचारलंय काय, तर "माझं टाइमटेबल कुठे चुकतंय?"

टाइमटेबल बघितलं. रंगीत चौकोन वगैरे फार सुंदर केलंय. फक्त ते बाळ नसलेल्या घरासाठी आहे.

मी चार मुलांना घरीच शिकवलं, सगळं मिळून १७ वर्षं, आणि आता बऱ्याच आयांना यात मदत करते. असली रंगीत टाइमटेबलं मी स्वतः निदान सात-आठ केली असतील, एक तर लॅमिनेट करून भिंतीला लावलं होतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच मागे धाकट्याने रॉकेट काढलं. तो एकच काय तो त्याचा उपयोग झाला.

आता आधी जे विचारलं नाहीत तेच बोलते. तुम्ही साधारण पाच तास झोपताय आणि तेही बाळ मधे उठतं म्हणजे तुकड्यातुकड्यात. डॉक्टरांकडे जाऊन या, या आठवड्यातच. बाळ ९ महिन्यांचं आहे म्हणून "बाळंतपणाचं आता काय राहिलंय" असं वाटतं, पण बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं, आणि थायरॉइडची गडबडही याच काळात बऱ्याच जणींना होते, रक्त कमी असेल तर ते वेगळंच. हे तिन्ही बाहेरून दिसतं एकसारखं: थकवा, चिडचिड, रडू, कशात लक्ष नाही. रक्ताची तपासणी करायला सांगा आणि रडू येतं हे स्वतःहून सांगा, कारण आपण तिथे गेलो की बाळाचं वजन, बाळाची लस एवढंच बोलून परत येतो. हे डिप्रेशन ओळखायला एडिनबरा स्केल म्हणून १० प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात आहे, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, पाच मिनिटांचं काम. आणि स्वतःचं किंवा मुलांचं काही बरंवाईट करावं असा विचार चाटून जरी गेला असेल तर आठवड्याची वाट बघू नका, आजच कुणालातरी सांगा आणि आजच दाखवा. मी दुसऱ्या मुलाच्या वेळी आठ महिने स्वतःला आळशी म्हणत काढले, रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. आठ महिने! त्या काळात जे टाइमटेबल फसलं ते टाइमटेबलमुळे फसलंच नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्याकडे तास कमी आहेत असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं सलग वेळ कमी आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषध पण वेगळं. तास कमी पडत असते तर पहाटे उठून फायदा झाला असता. तुमचं होतंय काय, तर १०च्या मुलाला अपूर्णांक समजावताना बाळ रडतं, उठता, परत येता तोवर ७चा खुर्ची सोडून गेलेला, त्याला शोधायला जाता तर वाटेत ओले कपडे दिसतात, ते टाकायला घेता तेवढ्यात मोठी विचारते "आई हे कसं करायचं", आणि अपूर्णांक तिथेच राहतात. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९मध्ये यावर लिहिलंय, की अर्धं काम सोडून दुसऱ्यावर गेलं तर मनाचा एक तुकडा पहिल्यावरच अडकून राहतो आणि दुसरं काम पण धड होत नाही. तिचा अभ्यास ऑफिसातल्या कामांच्या अंगाने होता. आपल्याकडे हे दिवसातून साठ-सत्तर वेळा होतं, मग संध्याकाळी अंगात जीव कसा राहील आणि वर "दिवसभर केलं काय" याचं उत्तर पण देता येत नाही.

म्हणून मी जे काही सुचवतेय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी, की दिवसात तुमचं तुटणं कमी व्हावं.

साधा हिशोब करू. तुमच्या तक्त्यात चार मुलं आणि प्रत्येकी पाच विषय, म्हणजे रोजचे २० धडे. अर्ध्या तासाचा एक धरला तर १० तास. स्वयंपाक, भांडी, बाळाला पाजणं, यातलं एक मिनिटही त्यात नाही. तुम्ही एकाच चौकोनात दोन-दोन मुलं बसवून ते १० तास दडपलेत, पण दोघांना एकाच वेळी वेगवेगळं शिकवणं म्हणजे दर दोन मिनिटांनी तुटणंच. हे तुम्हीच काय कुणीही करू शकणार नाही.

आता यातलं काय काय वेगवेगळं शिकवावंच लागतं ते बघा. फक्त दोन गोष्टी, वाचन-लेखन आणि गणित, कारण त्यात पायरी चुकवून चालत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, चित्रं यात अशी पायरी नसते, ते सगळ्यांना एकत्र द्या. १२च्या मुलीने ज्वालामुखी शिकला आणि त्याच आठवड्यात ७च्याने पण शिकला तर काही बिघडत नाही, कुठल्याच ज्वालामुखीवर इयत्ता लिहिलेली नसते. मारिया माँटेसरीने १९०७मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं तेव्हापासून तिच्या पद्धतीत वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्रच असतात, आणि तुमच्याकडे तर ती आयती आहेत.

एकत्र धडा घ्यायचा कसा तर, बाळाला पाजायला बसाल तेव्हा पुस्तक हातात घ्या आणि मोठ्याने वाचा. नाहीतरी ते २०-२५ मिनिटं तुम्ही जागेवर बसलेल्या असताच. दोन हात लागत असतील तर मोठीला वाचायला सांगा. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि मुलांनी आपापल्या वयाप्रमाणे परत सांगायचं, चिमुरडी चित्र काढेल, ७चा तोंडी सांगेल, १०चा चार-पाच ओळी लिहील, मोठी पानभर लिहील किंवा त्यावरून पुढचं काही शोधेल. पुस्तक एक, तयारी शून्य, आणि चार मुलांचे चार धडे झाले. शार्लट मेसन ही इंग्रज शिक्षिका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच सांगायची, परत सांगायला लावा आणि लहान मुलांचे धडे २० मिनिटांच्या वर नेऊ नका. तिच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही पण ही दोन वाक्यं मी आयुष्यभर वापरली.

उरलं स्वतंत्र काम. चिमुरडीला काही नाही. खरंच काही नाही, ४ वर्षांच्या मुलाचा अभ्यासक्रम लागत नाही, तो चौकोन आज पुसा. ७च्याचं वाचन १५ मिनिटं आणि गणित १५, १०च्याचं गणित २० आणि लेखन १५, मोठीचं पण तेवढंच. बेरीज केली तर १०० मिनिटं, एकत्र वाचनाची ४५ धरली तरी अडीच तासांच्या आत. "एवढंसं पुरेल का" हे तुम्ही विचारणार मला माहितीय. शाळेत एका शिक्षकामागे तीस-चाळीस मुलं असतात, हजेरी, रांगा, गप्प बसा, वह्या काढा, यातच किती वेळ जातो. एकाला समोर बसवून शिकवण्याचा जोर फार असतो, बेंजामिन ब्लूम या शिक्षणाच्या अभ्यासकाने १९८४मध्ये यावर निबंध लिहिला होता, त्यात शिक्षकासमोर एकट्याने बसून शिकलेलं सरासरी मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलेलं होतं. नंतरच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा निघाला नाही, त्यामुळे तो आकडा कुणाच्या तोंडावर मारू नका, पण फरक असतो हे खरं. तुमच्या समोर एकच मूल, १५ मिनिटं, मधे कुणी नाही, एवढं जमलं तर भरपूर.

ते "मधे कुणी नाही" कसं जमवायचं हाच सगळा खेळ आहे. बाळ सकाळी झोपतं ना, तेव्हा तुम्ही काय करता? भांडी. बरोबर? मी पण तेच करायचे. ते बंद करा. भांडी बाळ जागं असताना पण घासता येतात, मुलं आजूबाजूला ओरडत असताना पण येतात, भांड्यांना तुमचं डोकं लागत नाही. बाळाची झोप म्हणजे तुमच्या दिवसातला सगळ्यात महाग वेळ, तो सगळ्यात जास्त अडणाऱ्या मुलाला द्या, म्हणजे सध्या ७च्याला. रोज तोच पहिला. बाकीच्यांना त्या वेळात काय करायचं ते ठरलेलं असू दे आणि नियम एकच, रक्त किंवा आग असेल तरच हाक मारायची. (आमच्याकडे पहिल्या आठवड्यात लाल रंग लावून आला होता एकजण.)

चिमुरडीसाठी एक डबा करा, जो फक्त याच वेळी बाहेर येतो आणि नंतर परत वर जातो. ठोकळे, मोठे मणी, स्टिकर, काहीही, पण दिवसभर हाताशी नसलेलं. बाळ जागं असेल तर तो डबा वर टेबलावरच, कारण त्या वयात हातात येईल ते तोंडात जातं. आणि डबा देण्याआधी दहा मिनिटं तिला मांडीवर घ्या, पूर्ण तिचीच व्हा. लहानांचं आधी भरलं तर ती सोडतात, आपण उलटं करतो, मोठ्यांचा अभ्यास आधी, मग ती दर तीन मिनिटांनी येऊन पाय ओढते. बाळाचं म्हणाल तर ९ महिन्यांच्या आसपास तुम्ही खोलीतून गेलात की ते आकांत करतंच, त्याला आता तुमचं नसणं कळायला लागलंय. लाडावलंय वगैरे कुणी म्हटलं तर सोडून द्या, काही महिन्यांत ते कमी होतं.

७च्या मुलाबद्दल दोन शब्द जास्त, कारण पत्रात सगळ्यात जास्त भीती तिथेच दिसली. काही मुलं ५व्या वर्षी वाचतात, काही ८व्या. पण मी "थांबा, आपोआप येईल" असं म्हणणाऱ्यातली नाही. रोज १५ मिनिटं अक्षर आणि त्याचा आवाज, मग दोन-तीन अक्षरांचे शब्द, मग तेच शब्द असलेलं छोटं वाक्य, सुट्टीच्या दिवशी पण, आणि कंटाळला की बंद. रोजचे १५ आणि आठवड्यातून एकदा दीड तास यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्याच्या वाचनाचा तोंडी सराव १०च्याकडे द्या, दहा मिनिटं, शिकवणाऱ्याचं स्वतःचं पण पक्कं होतं. एकीकडे डोळे आणि कान तपासून घ्या. आणि तीन-चार महिने असं नियमित करूनही काल आलेली अक्षरं आज कोरी होत असतील, यमक जुळवता येत नसेल, घरात कुणाला लहानपणी वाचायला त्रास झालेला असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचायला शिकतानाच्या जन्मजात अडचणीची, तपासणी करा. लवकर कळलं तर शिकवायची पद्धत बदलता येते आणि तुमचं मूल स्वतःला ढ समजायचं थांबतं. माझ्या तिसऱ्याच्या बाबतीत मी एक वर्ष उशीर केला, मला वाटायचं माझंच शिकवणं कमी पडतंय.

मोठीचं तोंड फुगणं. इथे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या पत्रात ती सहा वेळा आली आणि त्यातल्या पाच वेळा तिच्या कडेवर बाळ आहे. १२ वर्षांची मुलगी मदत करू शकते, करावी पण, पण ती घरातली दुसरी आई नाही. तिला मदतीला सुरुवात आणि शेवट हवा. "बाळाकडे बघ जरा" याला शेवट नसतो, "साडेदहा ते अकरा बाळ तुझ्याकडे, अकराला मी घेणार" याला असतो, आणि अकरा म्हणजे अकरा, तुमचं काम राहिलं तरी. अभ्यासाचं तिला आठवड्याचं पान लिहून द्या, सोमवारी द्यायचं, शुक्रवारी बघायचं, मधे ती कधी काय करते ते तिचं तिने ठरवायचं, अडलं तर वहीत प्रश्न लिहून ठेवायचा आणि रोजच्या तिच्या वेळेत विचारायचा. पहिले दोन शुक्रवार अर्धं पान रिकामं असेल. ओरडू नका, उरलेलं पुढच्या पानावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक मुलं रुळतात आणि तुमचं "आई हे कसं करायचं" निम्मं तरी कमी होतं.

घरकामाकडे येते. मुलांना आणि नवऱ्याला कामं वाटून दिलीत म्हणता तरी डोकं हलकं होत नाही, का? ॲलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९मध्ये ३५ जोडप्यांशी बोलून एक निबंध लिहिला, त्यात घराच्या डोक्यातल्या कामाचे चार भाग केलेत, काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं का ते बघणं. ठरवताना दोघं असतात पण आधी ओळखणं आणि मागून बघणं बहुतेक बाईकडेच राहतं. हे वाचलं तेव्हा मी हसले, कारण आमच्याकडे हुबेहूब तेच. नवरा कपडे वाळत घालायचा, पण "मशीन झालंय", "आता घाल", "उद्या पाऊस आहे आत घे" हे सगळं माझ्याकडे. म्हणजे काम त्याचं आणि तुटणं माझं.

म्हणून काम द्याल तर मुळासकट द्या. कपडे नवऱ्याकडे म्हणजे गोळा करण्यापासून कपाटात जाईपर्यंत, पावडर संपली हे पण त्याने बघायचं. १०च्याकडे जेवणानंतरचं टेबल आणि फरशी, तेच काम वर्षभर, दर आठवड्याला फिरवू नका, फिरवलं की दर आठवड्याला शिकवायला तुम्हीच. ७चा चपला, खेळणी, कोरडे कपडे जोडीने लावणं. आणि मग, हे सगळ्यात कठीण, बघायला जायचं नाही. एखाद्या दिवशी कुणाला धुतलेला शर्ट मिळणार नाही. मिळू नये. तुम्ही मधे पडलात की काम परत तुमच्याकडे. त्याने वेगळ्या पद्धतीने घडी घातली तर ती घडीच आहे. आणि तो ढीग खाली येत नाही कारण कपडेच फार आहेत ताई, आठ जणांचे निम्मे कपडे बांधून वर ठेवून द्या, एक महिनाभर बघा कुणी मागतं का.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "त्यांचं पथ्य वेगळं". त्यांना बसल्या जागी काय करता येतं ते विचारलंय कधी? गोष्ट सांगणं, ७च्याचं वाचन ऐकणं, चिमुरडीसोबत भाजी निवडणं. तब्येत नसेल तर राहू दे.

दुपारी एक तास सगळ्यांनी आपापल्या कोपऱ्यात, झोप नाहीतर पुस्तक, बोलायचं नाही. पहिले दहा दिवस छळतील. तो तास तुमचा, आणि त्यात घरकाम केलंत तर मला सांगू नका. आडवं व्हा.

ओरडणं कमी होईल ते झोपेने आणि तुटणं कमी झाल्याने, ठरवून नाही होत. ओरडून झालं की मुलाजवळ जाऊन "मी ओरडले, ते चुकलं" एवढं म्हणा, पुढे "पण तू पण" लावू नका.

नवऱ्याच्या "घाल शाळेत"चं काय. तो टोमणा आहे की काळजी ते तुम्हाला माहीत, पण प्रश्न म्हणून तो चुकीचा नाही. सगळ्या पाचांना घरी नाहीतर सगळ्यांना शाळेत असं काही कुठे लिहिलेलं नाही. मी माझ्या दुसऱ्याला दोन वर्षं शाळेत घातलं होतं, तिसऱ्याचं वाचन आणि धाकटं बाळ एकदम आलं तेव्हा, आणि नंतर तो स्वतःहून परत घरी आला. मोठीला कदाचित शाळा आवडेल पण, विचारा तिला. फक्त हा निर्णय या महिन्यात घेऊ नका, पाच तास झोपलेल्या माणसाने कुठलाच मोठा निर्णय घेऊ नये. दोन आठवडे अभ्यास बंद ठेवा, फक्त मोठ्याने वाचन, ७च्याची अक्षरं आणि झोप. मग वरचं हळूहळू चालू करा, आधी बाळाच्या झोपेतली १५ मिनिटं, ती बसली की पुढचं. दोन महिन्यांनी दोघं बसून बोला, तेव्हा नवऱ्याकडे पण कपड्यांचा दोन महिन्यांचा अनुभव असेल.

आणि रात्री १२ला धडे काढणं आजपासून बंद. तयार पुस्तकाचं पुढचं पान हाच उद्याचा धडा. नोंदी ठेवायच्या असतात त्याची धास्ती लिहिलीत, तर तुमच्याकडच्या नियमांत जे मागतात तेवढंच ठेवा, बाकी प्रत्येक मुलाची एक वही, रोज एक ओळ, त्या दिवशी काय झालं ते झाल्यावर लिहायचं, आधी नाही. "पान ३२, हातच्याची वजाबाकी, दोन चुकली." बास. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी तारीख घालून "बाळाला ताप" लिहा. माझ्या वह्यांत अशी पानं बरीच आहेत.